दिव्याची काजळी, इंजिनाची काजळी

माझ्या लहानपणी आमच्या गावात वीज नव्हती. दिवेलागणीच्या आधी घरातील कंदिलांच्या काचा पुसून ठेवण्याचे काम आम्हां मुलांकडे असे. चुलीतील मऊ राख फडक्यावर घ्यावयाची, काचेच्या आतून ते फडके हलक्या हाताने फिरवावयाचे आणि आदल्या रात्रीची काजळी निघून काच लख्ख झाली, म्हणजे ती आजीला नेऊन दाखवावयाची. एखाद्या रात्री अभ्यासाला उजेड अपुरा वाटे. तेव्हा मी कंदिलाची कळ फिरवून वात वर चढवीत असे. क्षणभर उजेड वाढे. पण लागलीच ज्योत भडके, तिच्या टोकातून काळ्या धुराची शेपटी निघे आणि पाहता पाहता काच काळवंडून पहिल्याहूनही अधिक अंधार होई. मग माजघरातून आजीचा आवाज येई, "वात उतरव रे! दिव्याला श्वास पुरेना झालाय."

आजीने शाळेचे तोंडही पाहिले नव्हते. पुढे मी मोठा झालो, भाषेचा शिक्षक झालो आणि आवड म्हणून विज्ञानाची पुस्तके वाचू लागलो. तेव्हा माझ्या ध्यानात आले, की काजळीच्या शास्त्रातील अर्धी गोष्ट आजीच्या त्या एका वाक्यात सामावलेली होती. उरलेली अर्धी गोष्ट आहे ती दिव्यात आपण काय जाळतो त्याची. ह्या दोन्ही गोष्टी नीट समजून घेतल्या, म्हणजे रस्त्याने जाणाऱ्या एखाद्या ट्रकमागून काळा धूर का निघतो आणि दुसऱ्या एखाद्या बसमागून तो का दिसत नाही, हे तुम्हांला सहज उमगेल.

काजळी म्हणजे मुख्यतः कार्बन. जुन्या पुस्तकांत ह्यालाच कर्ब म्हटलेले आढळते. लाकूड, तेल, मेण, रॉकेल, पेट्रोल, डिझेल ह्या सर्व इंधनांत कार्बन आणि हायड्रोजन ही दोन मूलद्रव्ये असतात. इंधन जळते म्हणजे त्याचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. प्राणवायू भरपूर मिळाला, तर हायड्रोजनचे पाणी होते आणि कार्बनचा कार्बन डायऑक्साइड वायू होतो. ही दोन्ही डोळ्यांना न दिसता वाफेच्या व वायूच्या रूपाने निघून जातात. परंतु प्राणवायू कमी पडला, तर काही कार्बन जळावयाचा तसाच राहतो. त्याचे सूक्ष्म काळे कण बनतात. हीच काजळी.

ती पाहण्यासाठी फार दूर जावयास नको. घरातील वडील माणसाला जवळ बसवून एक मेणबत्ती लावा. पोलादी चमचा लांब दांड्याने धरून त्याचे बूड ज्योतीच्या पिवळ्या भागात क्षणभर आडवे धरा. चमच्यावर काळा डाग उमटेल. आता तोच चमचा पुसून, थंड करून, ज्योतीच्या टोकापासून थोडा वर धरा. ज्योत शांत असेल, तर तेथे डाग जवळजवळ उमटणार नाही. ह्याचा अर्थ असा, की काजळी ज्योतीच्या पोटात जन्मते आणि ज्योतीच्या कडेला व टोकाला, जेथे बाहेरची हवा तिला भेटते, तेथे ती जळून जाते. मेणबत्तीचा जो पिवळा उजेड आपल्याला एवढा आवडतो, तोही ह्या तापून लखलखणाऱ्या कार्बनकणांचाच उजेड होय. लंडन येथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरडे ह्या थोर शास्त्रज्ञाने १८६० सालच्या नाताळाच्या सुमारास मुलांसाठी केवळ मेणबत्ती ह्या एका विषयावर सहा व्याख्याने दिली, त्यांत हीच गोष्ट त्याने प्रयोगाने पटवून दिली होती. फॅरडे हा लोहाराचा मुलगा. लहानपणी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत होता. साध्या वस्तूकडे टक लावून पाहण्याची सवय असली, तर केवढे ज्ञान हाती येते, ह्याचे तो एक उत्तम उदाहरण आहे.

आता प्रश्न असा, की सर्व इंधने सारखीच काजळी धरतात काय? ह्याचे उत्तर आपल्या घरातच आहे. देवापुढे आरतीला कापूर लावतात, तेव्हा त्याच्या ज्योतीतून काळ्या धाग्यांसारखा धूर निघतो आणि तबकावर काजळी बसते. शाळेच्या प्रयोगशाळेतील स्पिरिटचा दिवा मात्र निळसर, फिकट ज्योतीने जळतो. त्यावर ठेवलेल्या भांड्याचे बूड काळे होत नाही. हवा दोघांनाही तीच. मग असा फरक का पडावा?

ह्याचे कारण त्या पदार्थांच्या रचनेत आहे. कार्बनचे अणू एकमेकांचे हात धरून साखळ्या आणि कडी करतात. मिथेन हा नैसर्गिक वायूतील मुख्य घटक. त्याच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असून त्याच्या सभोवती हायड्रोजनचे ४ अणू असतात. आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमध्ये बहुतेक करून ३ व ४ कार्बनांच्या साखळ्या असतात. पेट्रोलमध्ये साधारणतः ४ ते १२ कार्बनांचे रेणू असतात. डिझेलमध्ये त्याहून लांब, म्हणजे साधारणतः १० पासून २० च्या आसपास कार्बनांचे रेणू आढळतात. कापराच्या रेणूतील १० कार्बन तर बव्हंशी कड्यांमध्येच गुंफलेले असतात. रेणूत कार्बनच्या मानाने हायड्रोजन जितका कमी आणि कार्बनची कडी जितकी अधिक, तितका तो पदार्थ काजळीकडे अधिक झुकतो.

स्पिरिटची गोष्ट आणखी निराळी आहे. त्यातील अल्कोहोलच्या रेणूत प्राणवायूचा एक अणू आधीपासूनच असतो. एखादा प्रवासी घरून शिदोरी बांधून निघाला, तर वाटेत खाणावळ लागली नाही तरी त्याची अगदीच उपासमार होत नाही. तद्वत अल्कोहोल आपली थोडीशी प्राणवायूची शिदोरी बरोबर घेऊनच ज्योतीत शिरते. म्हणून त्याची काजळी फारशी होत नाही.

काजळीचा एक कण कसा तयार होतो, तेही पाहण्यासारखे आहे. इंधनाचा रेणू ज्योतीच्या तप्त पण हवेला पारख्या झालेल्या भागात सापडला, म्हणजे उष्णतेने त्याचे तुकडे होतात. हायड्रोजन सुटू लागतो. कार्बनयुक्त तुकडे पुन्हा एकमेकांना बिलगतात आणि त्यांची सहा सहा अणूंची कडी बनतात. कड्याला कडे जुळते, जणू फरशीला फरशी लागावी तसे. ह्या फरश्यांचे थर एकमेकांवर चढून एक अतिसूक्ष्म गोळी तयार होते. अशा अनेक गोळ्या एकमेकींना चिकटून द्राक्षांच्या घोसासारखा एक पुंजका होतो. हे सारे सेकंदाच्या एका लहानशा अंशात घडते.

ह्या गोळ्या किती लहान असतात म्हणता? एका मिलिमीटरचे १० लाख समान भाग केले, तर त्यांतील एका भागाला नॅनोमीटर म्हणतात. काजळीची एक गोळी साधारणतः २० ते ४० नॅनोमीटर जाडीची असते आणि तिचा घोस १०० नॅनोमीटरांच्या आसपास भरतो. आपल्या डोक्यावरील एका केसाच्या जाडीत असे शेकडो घोस शेजारी शेजारी मांडता येतील. चमच्यावर आपल्याला जो डाग दिसतो, तो अशा कोट्यवधी घोसांचा थर असतो. एकटा घोस कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

इंधनाची काजळी धरण्याची प्रवृत्ती मोजण्याची एक साधी पद्धत आहे, आणि ती माझ्या लहानपणीच्या कंदिलाशी अगदी मिळतीजुळती आहे. एका ठरावीक मापाच्या दिव्यात तपासावयाचे इंधन घालतात आणि वात हळूहळू वर चढवीत जातात. धूर न देता ज्योत जास्तीत जास्त किती मिलिमीटर उंच होते, ते मोजून ठेवतात. ज्योत जितकी उंच जाऊ शकेल, तितके ते इंधन स्वच्छ. रॉकेल आणि विमानाच्या जेट इंजिनाचे इंधन ही दोन्ही ह्या कसोटीला लावली जातात. आकाशात उडणाऱ्या एवढ्या मोठ्या विमानाचे इंधन एका लहानशा दिव्यात पारखले जाते, ही मोठी मौजेची गोष्ट नव्हे काय?

परंतु सारा दोष इंधनाच्याच माथी मारून चालणार नाही. प्रयोगशाळेत तुम्ही बुन्सेनचा बर्नर पाहिला असेल. त्याच्या बुडाशी हवा आत घेणारे एक भोक असते. ते भोक बंद केले, तर ज्योत पिवळी होते आणि तिच्यात धरलेली काचनळी काळी पडते. भोक उघडले, की तोच वायू आधी हवेत नीट मिसळतो आणि निळ्या, स्वच्छ ज्योतीने जळू लागतो. वायू बदलला नाही. हवेत मिसळण्याची रीत बदलली. घरातील शेगडीवरच्या भांड्यांची बुडे एकाएकी काळी होऊ लागली, तर आई बर्नरची भोके साफ करावयास घेते, त्याचेही कारण हेच. तेव्हा काजळी किती होणार, हे दोन गोष्टींवर ठरते: इंधन कोणते आहे ही एक, आणि ते हवेत कसे मिसळते ही दुसरी.

हे ध्यानात ठेवून आता आपण इंजिनाकडे वळू. मोटारगाड्यांची इंजिने मुख्यत्वे दोन कुळांतील आहेत. निकोलाउस ऑटो ह्या जर्मन गृहस्थाने १८७६ साली जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याच्या वंशात आजचे पेट्रोल इंजिन येते. दुसरे कूळ रुडॉल्फ डिझेल ह्या अभियंत्याचे. त्याचे इंजिन जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे १८९७ साली कसोटीस उतरले. त्या काळची वाफेची इंजिने इंधनातील उष्णतेचा फार मोठा भाग वाया घालवीत असत. डिझेलच्या इंजिनाने तिचा सुमारे चौथा हिस्सा कामी लावून दाखविला, तेव्हा लोक थक्क झाले. ह्याच काटकसरीमुळे पुढे ट्रक, बस, आगगाडी, ट्रॅक्टर आणि जहाज ह्या साऱ्यांनी डिझेल इंजिनाचा स्वीकार केला.

पेट्रोल इंजिनात, निदान त्याच्या नेहमीच्या प्रकारात, पेट्रोल आधी हवेत मिसळते, मग ते मिश्रण सिलिंडरमध्ये दाबले जाते आणि विजेच्या ठिणगीने पेटविले जाते. ही झाली उघड्या भोकाच्या बर्नरसारखी रीत. डिझेल इंजिनात ठिणगीच नसते. तेथे सिलिंडरमध्ये प्रथम नुसती हवा घेऊन ती मूळच्या साधारण पंधराव्या ते विसाव्या हिश्श्याइतकी दाबतात. सायकलच्या चाकात पंपाने हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. त्याचप्रमाणे ही दाबलेली हवा तापते. तिचे तापमान ५०० अंश सेल्सियसच्याही वर जाते. त्या धगधगत्या हवेत डिझेलचा बारीक फवारा मारला, की तो आपोआप पेट घेतो.

येथेच काजळीला वाव मिळतो. फवाऱ्याच्या कडेच्या थेंबांना हवा भेटते. पोटातील थेंबांना ती भेटण्याआधीच ते तापून जातात. लग्नाच्या पंगतीत वाढपी नुसते कडेकडेने फिरू लागले, तर मधल्या रांगांतील मंडळी उपाशीच राहतील. तशी त्या पोटातील इंधनाची गत होते. शिवाय डिझेलचे रेणू लांब, त्यांत कड्यांचेही प्रमाण बरेच. म्हणजे काजळीची दोन्ही कारणे एकत्र आली. सुदैवाने ह्या काजळीपैकी बहुतांश सिलिंडरमध्येच पुढे हवा भेटून जळून जाते. जी उरते, ती नळीवाटे बाहेर पडते.

भरगच्च माल लादलेला एखादा जुना ट्रक खंडाळ्याचा घाट चढताना काळा धूर का ओकतो, हेही आता तुम्हीच सांगू शकाल. चढावर अधिक जोर हवा, म्हणून चालक पायाखालची कळ दाबतो. डिझेलचा फवारा वाढतो. पण सिलिंडरमध्ये येणारी हवा काही त्या मानाने वाढत नाही. मी कंदिलाची वात चढवीत असे, तोच हा प्रकार. दिव्याला श्वास पुरेनासा होतो.

इंधन बदलले, तर काय होते? ह्याचा एक मोठा प्रयोग आपल्या देशाच्या राजधानीतच झाला. दिल्लीतील हवेच्या प्रदूषणाविषयी एम. सी. मेहता ह्या वकिलांनी १९८५ साली सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. त्या प्रकरणात न्यायालयाने २८ जुलै १९९८ रोजी असा आदेश दिला, की दिल्लीतील साऱ्या शहरी बसगाड्या दाबून भरलेल्या नैसर्गिक वायूवर, म्हणजे सीएनजीवर चालवाव्यात. हे काम सोपे नव्हते. मुदत संपत आली, तरी पुरेशा बसगाड्या तयार नव्हत्या. प्रवाशांचे हाल झाले. वायू भरण्यासाठी वाहनांच्या लांबच लांब रांगा लागल्या. तरीही न्यायालय आपल्या निर्णयावर ठाम राहिले आणि २००२ साल संपता संपता दिल्लीच्या शहरी बसगाड्यांतून डिझेल हद्दपार झाले. मुंबईतही त्याच सुमारास टॅक्सी, रिक्षा आणि बेस्टच्या कित्येक बसगाड्या ह्या वायूवर धावू लागल्या.

नैसर्गिक वायू हा बहुतांशी मिथेन. एकच कार्बन, त्यामुळे साखळी नाही आणि कडेही नाही. शिवाय तो मुळातच वायू असल्याने हवेत झटकन मिसळतो. म्हणून बसमागचा काळा धूर दिसेनासा झाला. तथापि एवढ्याने दिल्लीची हवा निर्मळ झाली, असे मात्र नाही. ट्रक, कारखाने, बांधकामाची धूळ, कचऱ्याच्या होळ्या आणि शेतातील जाळलेले खुंट ह्या सर्वांचा धूर तेथे मिसळतच राहिला. एक खिडकी पुसली, म्हणून सारे घर स्वच्छ होत नाही. पण म्हणून ती खिडकी पुसू नये, असेही नाही.

दुसरा उपाय शिदोरीचा. उसाच्या रसापासून किंवा मळीपासून जे इथेनॉल करतात, ते अल्कोहोलच होय. महाराष्ट्रातील अनेक साखर कारखाने ते तयार करतात. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रमाण वाढत वाढत २०२५ साली २० टक्क्यांपर्यंत पोहोचले. इथेनॉलमधील प्राणवायूमुळे काजळीला आळा बसतो. मात्र एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच उष्णता असते. शिवाय ऊस पिकविण्यास पाणी फार लागते. डिझेलच्या बाबतीत वनस्पती तेलांपासून केलेले बायोडिझेल अशीच प्राणवायूची शिदोरी घेऊन येते. पॅरिस येथे १९०० साली भरलेल्या जागतिक प्रदर्शनात एक लहानसे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते, हे ऐकून तुम्हांला नवल वाटेल. म्हणजे ही कल्पना तशी जुनीच आहे.

तिसरा उपाय म्हणजे डिझेलच निर्मळ करणे आणि उरलेली काजळी वाटेतच अडविणे. डिझेलमध्ये गंधकाचा थोडा अंश असतो. त्यापासून होणारी द्रव्ये काजळीच्या कणांवर बसून त्यांत भर घालतात आणि धूर शुद्ध करणाऱ्या उपकरणांनाही बिघडवितात. भारतात १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज ६ हे नियम देशभर लागू झाले. त्यांनुसार डिझेलमधील गंधक १० लाख भागांत १० भागांपेक्षा अधिक चालत नाही. गंधक असे कमी झाल्यामुळे डिझेल गाड्यांच्या नळीत काजळीची गाळणी बसविणे शक्य झाले. ही गाळणी बहुधा चिनी मातीसारख्या पदार्थाची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी असते. तिच्या अरुंद बोळांपैकी निम्मे पुढून बंद, तर निम्मे मागून बंद. त्यामुळे धुराला बोळांच्या सच्छिद्र भिंतींतून पार व्हावेच लागते. वायू निघून जातो आणि काजळी मागे अडकते. पुरेशी साठली, म्हणजे सुमारे ६०० अंश तापमानाला ती जाळून टाकतात. माझ्या राखेच्या फडक्याचे काम ती गाळणी स्वतःच करते म्हणा ना!

कोणी विचारील, की थोडी काजळी उडाली, तर एवढे काय बिघडले? काजळी सर्वस्वी वाईट, असे मीही म्हणणार नाही. आजी निरांजनावर तबक उपडे धरून काजळ करीत असे. जुन्या पोथ्यांची शाई काजळी आणि डिंक ह्यांपासूनच होत असे. मोटारीच्या टायरला जो काळा रंग आणि टिकाऊपणा असतो, तोही मुद्दाम तयार केलेल्या काजळीचाच. वस्तू जागच्या जागी असली, की उपयोगी. श्वासात शिरली, की मात्र घातक.

ह्याची पहिली खूण मुलांच्याच शरीरावर उमटली, ही दुःखाची गोष्ट आहे. अठराव्या शतकात लंडनमध्ये घराघरांतील धुराडी साफ करण्यासाठी तुमच्याहूनही लहान, गरीब मुलांना त्या अरुंद धुराड्यांतून वर चढवीत असत. पर्सिव्हल पॉट ह्या शल्यवैद्याने १७७५ साली असे दाखवून दिले, की हे काम केलेल्यांना पुढे त्वचेचा एक विशिष्ट कर्करोग होतो आणि त्याचे मूळ अंगावर साचलेल्या काजळीत आहे. मुलांना धुराड्यांत चढविण्याची ती दुष्ट चाल कायद्याने पुरती बंद होण्यास मात्र १८७५ साल उजाडावे लागले. एक सत्य कळले, आणि त्यानुसार वागण्यास माणसांना १०० वर्षे लागली! जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली डिझेल इंजिनाचा धूर हा माणसास कर्करोग करणारा आहे, असा निर्वाळा दिला. ह्या वेळी तरी आपण १०० वर्षे थांबू नये.

काजळीचे कण फार लहान असतात, हेच त्यांचे मोठे उपद्रवमूल्य. रस्त्याची जाड धूळ नाकातील केसांत आणि ओलाव्यात अडकते. हे कण मात्र तेथे न थांबता फुप्फुसांतील अगदी शेवटच्या वायुकोशांपर्यंत जाऊन पोहोचतात. दमा असलेल्यांना त्यांचा विशेष त्रास होतो. हृदयालाही त्यांपासून अपाय होतो. आणि एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. धूर काळा दिसत नाही, म्हणजे कण नाहीतच, असे समजू नका. काही नव्या पेट्रोल इंजिनांत पेट्रोलचा फवारा थेट सिलिंडरमध्येच मारतात. त्यांत डिझेलप्रमाणेच थोड्या जागी हवा अपुरी पडते आणि डोळ्यांना न दिसणारे कण बाहेर पडू शकतात.

मी मुख्याध्यापक असताना घडलेली एक गोष्ट सांगून हा पाठ संपवितो. आमच्या शाळेची एक बाजू रहदारीच्या रस्त्याकडे होती. शाळा सुटण्याच्या वेळी मुलांना न्यावयास आलेली वाहने फाटकाशी इंजिने चालूच ठेवून उभी राहत. सातवीच्या वर्गातील एका मुलाला दमा होता. तो नेहमी शेवटच्या घंटेनंतर बराच वेळ वर्गातच बसून राही. मी कारण विचारले, तेव्हा तो खाली मान घालून म्हणाला, "सर, फाटकापाशी गेलं की छाती भरून येते. गाड्या गेल्या, म्हणजे जातो."

मला माझीच लाज वाटली. इतकी वर्षे मी त्या फाटकातून ये-जा करीत होतो. पण माझ्या छातीच्या उंचीवरून मला तो धूर कधी तितकासा जाणवला नव्हता. गाड्यांच्या नळ्या असतात खाली, लहान मुलांच्या तोंडाजवळ. दुसऱ्या दिवशी मी त्या वर्गाला दोन पांढरी फडकी दिली. एकाने रस्त्याकडील खिडक्यांच्या चौकटी पुसावयाच्या, दुसऱ्याने मागच्या अंगणाकडील. आठ दिवसांनी पुन्हा तसेच करावयाचे. दोन्ही वेळा रस्त्याकडचे फडके काळे झाले आणि अंगणाकडचे नुसतेच मातकट. त्या काळ्या रंगात सारी काजळीच होती, असे नव्हे. टायरची झीज आणि रस्त्याची धूळही होती. पण फरक कोणालाही दिसेल असा होता.

मुलांनी ती फडकी फाटकाशी नेऊन चालकांना दाखविली. दोघे-तिघे हसले. एक वयस्क चालक मात्र पुढे आले, त्यांनी फडके हातात घेतले आणि म्हणाले, "आमचीबी पोरं ह्याच शाळेत हाईत." त्यांनी गाडीची किल्ली फिरवून इंजिन बंद केले. हळूहळू इतरांनीही केले. जे विसरत, त्यांना मुले नमस्कार करून फडके दाखवीत. त्या महिन्याच्या अखेरीस शेवटच्या घंटेबरोबर तो मुलगा दप्तर पाठीला लावून इतरांबरोबर धावत बाहेर पडलेला मी पाहिला.

कोणतेही इंधन सर्वगुणसंपन्न नाही, हे आपण पाहिले. नैसर्गिक वायूची काजळी कमी. पण जळल्यावर त्याचाही कार्बन डायऑक्साइड होतो, आणि तो न जळता निसटला, तर पृथ्वीचे तापमान वाढवितो. इथेनॉलला जमीन आणि पाणी लागते. डिझेल काटकसरी खरे. पण त्याला गाळणीची आणि नीट निगराणीची गरज असते. कोणत्या इंधनाचा धूर कसा आहे आणि का आहे, हे जाणणाऱ्या माणसालाच त्यांतील योग्य ते निवडता येते. उद्या तुमच्यापैकी कोणी अभियंता होईल, कोणी चालक होईल, कोणी गावचा कारभार पाहील. तोपर्यंत निदान एवढे तरी करा: वाट पाहत उभ्या असलेल्या गाडीचे इंजिन बंद करावयास वडिलांना सांगा, गाडीच्या धुराची तपासणी वेळेवर झाली आहे की नाही ते विचारा आणि आजूबाजूला कोणाचा श्वास अपुरा पडतो आहे काय, इकडे लक्ष ठेवा.